पाच उठली, सहावं उठेना

वाङ्मय मंडळाच्या मुलांचा निरोप आला, "सर, ई-अंकासाठी काहीतरी लिहा. कॉम्प्युटरमधलं असलं तरी चालेल, पण मराठीत पाहिजे." कॉलेज सोडून आता वीस वर्षं उलटून गेली. कविता मला तेव्हाही जमत नव्हती, आताही जमत नाही. दिवसभर सर्व्हरशी झटायचं आणि माणसांना इंग्रजीत मेल लिहायचे, हा माझा धंदा. तेव्हा म्हटलं, बरीच वर्षं मनात अडकून पडलेली एक गोष्ट आहे, तीच लिहून काढावी. गोष्ट तशी मशीनची आहे. पण मशीनपाशी ती संपत नाही.

सुरुवात आपल्याच कॉलेजातल्या लॅबपासून करतो. आमच्या वेळी लॅबमधल्या बहुतेक कॉम्प्युटरना हार्ड डिस्कच नव्हती. काचेच्या केबिनमध्ये नोव्हेलचा एक सर्व्हर असायचा. बाकीची मशीनं नेटवर्क कार्डावरच्या एका छोट्या चिपच्या जोरावर त्या सर्व्हरकडून सगळं मागून घ्यायची आणि सुरू व्हायची. सगळी एकाच काळ्या केबलवर माळेत मणी ओवावेत तशी ओवलेली. मधेच कुणाचा पाय लागून जोड ढिला झाला की अख्खी रांग बंद. मग एकच गलका. "ह्यानं काढली बघा सर!" "मी नाही, त्यानं!" लॅब सांभाळणारे अण्णा तेव्हा शांतपणे म्हणायचे, "दुसऱ्याच्या टेबलाखाली मागनं बघा. आधी आपापल्या पायाखाली बघा की." आम्ही हसायचो. अण्णांचं ते वाक्य मला पुढं फार महागात पडणार आहे, हे तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

बी. एस्सी. झालो, पुढचं शिकलो आणि राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळूरला पोचलो. तिथं एका कंपनीत युनिक्स सर्व्हर सांभाळायची नोकरी लागली. २००६ चा जून महिना असेल. नोकरीला दोन वर्षं झाली होती आणि मला बऱ्यापैकी येतं असं मला वाटायला लागलं होतं. आमच्या धंद्यात हा काळ सगळ्यात धोक्याचा.

एका ग्राहकासाठी सहा नवे सन सर्व्हर आले होते. रातोरात सहाही मशीनांवर सोलारिस चढवायचं आणि सकाळी नऊला ती ग्राहकाला दाखवायची, असं ठरलं होतं. प्रत्येक मशीनपाशी सीडी घेऊन बसायचं म्हटलं तर रात्र पुरणार नाही. म्हणून आम्ही नेटवर्कवरून बूट करायचो. ज्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढची सगळी भानगड ह्यातच आहे.

नवीन सर्व्हर म्हणजे अगदी कोरं पोर. डिस्कवर काही नाही. पॉवर दिली की कन्सोलवर नुसतं 'ओके' असं उमटतं आणि मशीन तुमच्या आज्ञेची वाट बघत थांबतं. तिथं 'बूट नेट - इन्स्टॉल' अशी आज्ञा द्यायची. आता ह्या मशीनला स्वतःबद्दल एकच गोष्ट ठाऊक असते, कारखान्यातून मिळालेला इथरनेट पत्ता. नेटवर्कवर आपला आयपी पत्ता काय, आपलं नाव काय, आपली फाइल कुठं ठेवलीय, काही म्हणजे काही माहीत नसतं. म्हणून ते सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतं, "माझा इथरनेट पत्ता हा असा आहे. माझा आयपी पत्ता काय, कुणी सांगेल का?" ह्या हाकेला रार्प म्हणतात. साधा एआरपी आयपी पत्त्यावरून इथरनेट पत्ता शोधतो. हा उलटा, म्हणून त्याचं नाव रिव्हर्स एआरपी. १९८४ साली स्टॅनफर्डच्या चार जणांनी त्याचे नियम लिहून काढले. तेव्हा डिस्क महाग असायच्या, त्यामुळे बिनडिस्कची मशीनं नेटवर्कवरून उठवायची सोय हवीच होती. सन कंपनीचं नावसुद्धा स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्कच्या आद्याक्षरांवरूनच पडलेलं.

हाक ऐकणारा असतो इन्स्टॉल सर्व्हर. त्याच्याकडं 'ईथर्स' नावाची एक साधी फाइल असते. एका ओळीत एक इथरनेट पत्ता आणि त्यापुढं मशीनचं नाव. आपलं हजेरीपत्रकच म्हणा ना. हाक मारणाऱ्याचा पत्ता त्यात सापडला, तर सर्व्हर नाव बघतो, 'होस्ट्स' फाइलमधून त्या नावाचा आयपी पत्ता काढतो आणि उत्तर धाडतो. पत्ता सापडला नाही तर गप्प बसतो. चूक दाखवत नाही, नकारही देत नाही. नुसता गप्प.

आयपी पत्ता मिळाला की मशीन टीएफटीपीनं पहिली छोटीशी फाइल मागतं. ही मागणीही मजेशीर. आपलाच आयपी पत्ता सोळाच्या पायात लिहून तेच फाइलचं नाव म्हणून सांगायचं. समजा पत्ता १९२.१६८.१०.४५ असेल, तर फाइलचं नाव 'सी० ए८ ०ए २डी' असं, सगळं जोडून. फाइल आली की पुढं बूटपॅराम्सवाल्याला विचारायचं, माझी रूट डिरेक्टरी कुठं आहे? मग ती एनएफएसनं जोडून घ्यायची आणि इन्स्टॉल सुरू. म्हणजे चार-पाच दारं आहेत. मशीन कुठल्या दारात अडकलं हे आधी ओळखायचं आणि तेवढ्याच दाराची कडी तपासायची. नेटवर्क बूटची दुरुस्ती म्हणजे एवढंच. टीएफटीपीवर अडलं असेल, तर रार्प नीट झालाय हे आपोआप सिद्ध होतं. मागं जायचं कारण नाही.

तर त्या रात्री साडेआठला मी एकेक मशीनला आज्ञा देत गेलो. पाच मशीनं पटापट उठली. कन्सोलवर आकडा भराभर वाढत जातो, मग सोलारिसचं नाव उमटतं, फार छान वाटतं बघायला. सहावं उठेना. पडद्यावर एकच ओळ, 'टाइमआउट वेटिंग फॉर एआरपी/रार्प पॅकेट'. थोड्या वेळानं पुन्हा तीच. पुन्हा तीच.

मी काय विचार केला ते सांगतो, कारण तो विचार वरवर अगदी शहाणपणाचा वाटतो. पाच मशीनं ह्याच इन्स्टॉल सर्व्हरवरून उठली. म्हणजे सर्व्हर ठीक. म्हणजे माझं काम ठीक. मग उरलं काय? केबल.

केबल त्या दिवशी दुपारी टाकल्या होत्या कंत्राटदाराच्या माणसानं. पन्नाशीच्या पुढचे गृहस्थ, कळकट शर्ट, खिशात क्रिम्पिंगचं औजार आणि कानावर पेन. दुपारी मी आईशी फोनवर बोलत होतो, ते ऐकून म्हणाले होते, "साहेब, बेळगावचं काय?" मी हो म्हटलं. "आमी खानापूरच्या अलीकडचं." एवढ्यावर आमची ओळख झाली. बेंगळूरच्या त्या थंडगार खोलीत, पंख्यांच्या घरघरीत, आपल्याकडचं मराठी कानावर पडलं की काय वाटतं ते गाव सोडलेल्यालाच कळेल. मी त्यांना मामा म्हणायला लागलो. त्यांनी डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं केली. मी ती खाल्लीसुद्धा.

सव्वानऊला मी मॅनेजरना फोन केला आणि ठामपणे सांगितलं, "सर, सहाव्या सर्व्हरची केबल खराब आहे." मशीनच्या मागं लिंकचा हिरवा दिवा चालू होता. तो मला दिसत होता. पण दिवा लागला म्हणजे आठही तारा बरोबर असं नाही, अशी मी स्वतःचीच समजूत घातली. ही गोष्ट खोटी नाही. पण तपासून बघायची आज्ञा हाताशी असताना मी ती दिली नाही, हेही खोटं नाही.

मॅनेजरनी कंत्राटदाराला झापलं. कंत्राटदारानं मामांना. मामा तोवर शहराच्या दुसऱ्या टोकाला घरी पोचले होते. पावसातनं एक बस आणि पुढं रिक्षा करून ते साडेअकराला परत आले. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. मला म्हणाले, "काय झालं साहेब? दुपारी तर तपासून दिलीया."

"मामा, सहावी बोलत नाही हो."

ते काही बोलले नाहीत. खाली बसले, केबलच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावला. एक ते आठ दिवे क्रमानं लागत गेले. तरी माझं समाधान व्हावं म्हणून त्यांनी दोन्ही टोकं कापली आणि तारा पुन्हा लावल्या. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्रम तोंडातल्या तोंडात म्हणत होते, श्लोक म्हणावा तसा. नवी टोकं बसवली. पुन्हा टेस्टर लावला, पुन्हा आठ दिवे. मी पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा टाइमआउट. मग त्यांनी शेजारच्या, नीट उठलेल्या मशीनची केबल काढून ह्याला लावली. तरी टाइमआउट.

साडेबारा वाजले. मी म्हटलं, "मशीनचं पोर्टच गेलं असणार." म्हणजे आता केबल नाही तर पोर्ट. माझ्याकडं बोट वळू नये म्हणून मी खोलीतल्या एकेका वस्तूवर आळ घेत चाललो होतो.

मामा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "साहेब, मला तुमचं ते कायबी कळत नाही. पण वायर चांगली बोलायलीया. मशीन बोलायलंय काय आणि पलीकडं कोण ऐकायलंय काय, तेवढं बघा की."

दोन वर्षं युनिक्स सांभाळणाऱ्याला त्याचीच पहिली पायरी केबल ओढणाऱ्या माणसानं सांगितली. मी जरा चिडूनच सहाव्या मशीनवर 'वॉच-नेट' ही आज्ञा दिली. ह्या आज्ञेनं मशीन नुसतं नेटवर्क ऐकत बसतं. चांगलं पॅकेट आलं की एक ठिपका, खराब आलं की फुली. पडद्यावर ठिपक्यांची रांग लागली. एकही फुली नाही. म्हणजे ऐकू तर येत होतं. मग इन्स्टॉल सर्व्हरवर 'स्नूप' लावलं आणि सहाव्याला पुन्हा आज्ञा दिली. स्नूप म्हणजे तारेवरून जाणारं सगळं दाखवणारी खिडकी. आणि तिथं लगेच दिसलं. सहावं मशीन हाक मारत होतं. दर थोड्या वेळानं, न थकता, आपला पत्ता सांगून विचारत होतं. हाक इन्स्टॉल सर्व्हरपर्यंत अगदी स्वच्छ पोचत होती. सर्व्हर गप्प होता.

मग मी 'ईथर्स' फाइल उघडली. हे काम साडेआठला करायचं होतं.

सहाव्या ओळीतला शेवटचा भाग मी 'एक-सहा' असा लिहिला होता. स्नूपमध्ये दिसत होतं 'एक-बी'. दुपारी कन्सोलवर 'बॅनर' आज्ञा देऊन मी सगळे पत्ते एका कागदावर उतरवून घेतले होते आणि संध्याकाळी त्या कागदावरून फाइलमध्ये चढवले. माझ्या अक्षरात इंग्रजी लहान बी आणि सहाचा आकडा सारखाच दिसतो. शाळेत गुरुजी अक्षर सुधार म्हणून सांगायचे, तर मी म्हणायचो, कॉम्प्युटरवर अक्षराची काय गरज?

पोर वर्गात हजर होतं आणि "हजर" म्हणून ओरडत होतं. हजेरीपत्रकात नाव मी चुकीचं लिहिलं होतं.

एक अक्षर बदललं. फाइल सेव्ह केली. आज्ञा दिली. दोन सेकंदांत आकडा धावायला लागला आणि सोलारिसचं नाव उमटलं. घड्याळात एक चाळीस.

मामांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." त्यांनी विचारलं, "कशानं?" मी म्हटलं, "सेटिंगमध्ये जरा होतं." एवढंच. 'जरा होतं.' कुणाचं होतं ते सांगितलं नाही. ते म्हणाले, "बरं झालं," आणि तिथंच पुठ्ठा अंथरून झोपले, कारण त्या वेळी त्यांना घरी जायला काही नव्हतं.

सकाळी मॅनेजरचा फोन आला. "सगळी सहा तयार? गुड. केबलच होती ना?"

ह्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला एक शब्द पुरला असता. मी म्हटलं, "हां सर... टोकं बदलून घेतली, आता ठीक आहे." ह्यात एकही शब्द खोटा नाही हे बघा. टोकं बदलली होती. आता ठीक होतं. खोटं बोलायला खोटे शब्द लागतातच असं नाही, हे मी त्या सकाळी शिकलो.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या रॅकच्या केबल टाकायला एक नवीनच मुलगा आला. मी विचारलं, "मामा कुठं?" तो म्हणाला, कंत्राटदारानं त्यांना तुमच्या कंपनीच्या कामावरून काढलं, तक्रार आली होती म्हणे. दुसरं काम दिलं की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्या रात्री झोप आली नाही. आणखी दोन दिवस मी टाळाटाळ केली. मग मॅनेजरना मेल लिहिला. त्यात सगळं लिहिलं, फाइल, ओळ, अक्षर, आणि केबल पहिल्यापासून बरोबर होती हेही. पाठवायचं बटण दाबताना हात थरथरत होता. नोकरी जाईल अशी भीती होती. उत्तर एका ओळीचं आलं, आता तो विषय संपलाय, पुढच्या वेळी काळजी घे. माझी नोकरी गेली नाही. मला कुणी ओरडलंसुद्धा नाही. मी एवढा घाबरलो होतो त्या खऱ्याची किंमत माझ्यासाठी एका ओळीची होती, आणि मी गप्प राहिलो त्याची किंमत दुसऱ्यानं भरली होती.

गेटवरच्या रजिस्टरमध्ये मामांनी फोन नंबर लिहिलेला होता. तो लावला. एका मुलीनं उचलला. बाबा गावी गेलेत, म्हणाली, पाऊस लागलाय, भाताची कामं आहेत. मी म्हटलं, "त्यांना सांगशील का, केबल बरोबर होती म्हणून? चूक माझी होती." ती म्हणाली, "कुठली केबल?" मी समजावून सांगायला लागलो आणि मधेच थांबलो. शेवटी म्हटलं, "बेळगावच्या साहेबांचा फोन होता म्हणून सांग." ती "बरं" म्हणाली. निरोप पोचला की नाही, मला माहीत नाही. परत दोनदा लावला, तो नंबर बंद होता.

आता काळ बदलला. सन कंपनी २०१० साली ओरॅकलनं घेतली. रार्पच्या जागी डीएचसीपी आला, आता नवीन मशीनं पीएक्सईनं बूट होतात, आणि बरीचशी तर डोळ्यांना दिसतही नाहीत, कुठल्या तरी क्लाउडमध्ये असतात. पण अडचण तशीच आहे. मशीन हाक मारतं आणि पलीकडून उत्तर येत नाही. माझ्या हाताखालची पोरं धावत येतात, "सर, नेटवर्कवाल्यांनी काहीतरी केलंय." मी त्यांना एकच विचारतो, "हाक पोचते का ते बघितलंस? पोचत असेल तर आपली फाइल उघडलीस?" बहुतेक वेळा पोरगं काही न बोलता आपल्या जागेवर परत जातं. कधीकधी चूक खरंच नेटवर्कवाल्यांची असते. तेव्हाही आधी आपलं तपासून, हातात पुरावा घेऊन जायचं असा आमच्याकडं नियम आहे. आणि चूक आपली निघाली, तर ज्याला हेलपाटा पडला त्याला ती त्याच दिवशी सांगायची. त्याच्या साहेबालाही. हा दुसरा नियम का आहे, हे मी आजवर त्यांना सांगितलं नव्हतं. हा अंक निघाला की तेही वाचतील.

इथरनेट पत्ते आता कुणी हातानं लिहीत नाही, पण माझ्या डायरीत मी अजूनही बी लिहिताना त्याची काठी जरा लांब ओढतो. अण्णा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. लॅबही आता पहिल्या मजल्यावर गेलीय म्हणे. तुमच्या मशीनना डिस्क आहे, काळी केबल गेली, आणि पाय लागून रांग बंद पडायची पाळी तुमच्यावर येणार नाही. तरी गलका सुरू झाला की एकदा खाली वाकून बघा.

(माजी विद्यार्थी, बी. एस्सी.)